सागराची आवड आणि क्रियापदाचा प्रश्न : सागरी धोरणविषयक अधिछात्रवृत्तीच्या निवेदनाची चिकित्सा

१

वाङ्मयसमीक्षेने ज्या लेखनप्रकारांकडे सहसा लक्ष दिलेले नाही, त्यांत अर्जाची गणना प्रथम करावी लागेल. कविता, कादंबरी, चरित्र, पत्र यांचे स्वरूपविवेचन विपुल झाले. परंतु ज्या लेखनावर एखाद्या तरुणाच्या आयुष्याची पुढील दिशा अवलंबून असते, ते लेखन मात्र ‘व्यावहारिक’ या एका विशेषणाने बाजूला सारले गेले. ही उपेक्षा सर्वथैव समर्थनीय नाही. अर्ज हा भाषेचा असा प्रयोग आहे की, ज्यात लिहिणाराला स्वतःविषयी बोलावयाचे असते, आणि ते ज्याच्यासमोर बोलावयाचे तो वाचक त्याच्या परिचयाचा नसतो. या अडचणीतून भाषा कशी मार्ग काढते हे पाहणे भाषाभ्यासकाला उपकारक ठरेल यात शंका नाही.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. मराठेशाहीतील पत्रव्यवहारात कनिष्ठाने वरिष्ठाला लिहावयाच्या पत्राचा मायना ठरलेला असे. ‘विज्ञापना’ या शब्दाने मजकुराला आरंभ होई, आणि कोणी कोणास कसे लिहावे याचे नियम सांगणारे स्वतंत्र ग्रंथही रचले गेले होते. अशा पत्रात लिहिणाराच्या अंतःकरणाची मागणी कोणी करीत नसे. नम्रता साच्यात होती. त्यामुळे ती खरी की खोटी हा प्रश्नच उद्भवत नसे. साचा उघड असल्यामुळे मजकूर मोकळा राही, ही या जुन्या पद्धतीची मोठी सोय होती.

आधुनिक विद्यापीठीय अर्जात ही व्यवस्था उलटी झाली आहे. तेथे साचा आहेच, परंतु तो लपविलेला आहे. आणि मजकुराकडून मात्र अंतःकरणाच्या प्रामाणिकपणाची अपेक्षा केली जाते. या विसंगतीचा परिणाम काय होतो, हे प्रस्तुत लेखात एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे तपासावयाचे आहे. ते उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘जॉन ए. नॉस सागरी धोरण अधिछात्रवृत्ती’ आणि तिच्यासाठी करावयाच्या अर्जातील वैयक्तिक निवेदन.

२

या अधिछात्रवृत्तीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८६२ साली अमेरिकन काँग्रेसने मॉरिल कायदा संमत केला. प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील त्याच्या प्रत्येक प्रतिनिधीमागे आणि सिनेटरमागे ३०,००० एकर सरकारी जमीन द्यावी, आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभारावीत, अशी ती योजना होती. या महाविद्यालयांना ‘लँड ग्रँट’, म्हणजे भूदानावर उभी राहिलेली, महाविद्यालये असे नाव पडले. पुढे १९१४ च्या कायद्याने या संस्थांतील ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणारी विस्तारसेवा सुरू झाली. १९६३ साली ॲथेल्स्टन स्पिलहाउस या शास्त्रज्ञाने असा विचार मांडला की, जमिनीच्या बाबतीत जे घडले ते समुद्राच्या बाबतीतही घडावे. या विचारातून १९६६ साली ‘सी ग्रँट’ महाविद्यालयांचा कायदा झाला. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल आणि फ्लॉरिडाचे प्रतिनिधी पॉल रॉजर्स हे त्याचे काँग्रेसमधील पुरस्कर्ते होते.

भाषाभ्यासकाने या नावापाशी क्षणभर थांबावे. ‘लँड ग्रँट’ या शब्दात जमीन खरोखरच दिली गेली होती. ‘सी ग्रँट’मध्ये समुद्र कोणीही कोणाला दिला नाही, दिला गेला तो पैसा. हा शब्द केवळ सादृश्याने तयार झाला. परंतु सादृश्य हे एकाच शब्दावर थांबत नसते. ते आपल्यासोबत सगळे घराणे आणते. समुद्राविषयीच्या अमेरिकन प्रशासकीय परिभाषेत माशांचा ‘साठा’ असतो, त्यांची ‘कापणी’ होते, तिचे ‘उत्पन्न’ मोजले जाते, खाड्यांना माशांची ‘रोपवाटिका’ म्हटले जाते, आणि किनाऱ्यावर सल्ला देणाऱ्या सेवेला ‘विस्तार’ हेच शेतीखात्याचे नाव असते. या शब्दांपैकी काही १९६६ पूर्वीचे आहेत हे खरे. तथापि समुद्र म्हणजे एक अफाट शेत, ही कल्पना या सर्वांच्या तळाशी आहे आणि ‘सी ग्रँट’ या नावाने तिला संस्थेचे रूप मिळाले. शेत नांगरणाराचे असते. समुद्राला तसा धनी नाही. सागरी धोरणातील बहुतेक वाद या एका फरकातून उद्भवले आहेत.

मराठीतही या स्थित्यंतराची खूण सापडते. कोळीवाड्यात धंद्याचे नाव ‘मासेमारी’ असे होते आणि आहे. त्यात जीव घेण्याची क्रिया उघडपणे सांगितलेली आहे. सरकारी कागदात तिचे ‘मत्स्यव्यवसाय’, ‘मत्स्योत्पादन’ आणि ‘मत्स्यशेती’ झाले. मासा जणू कारखान्यात किंवा मळ्यात निपजतो, असा भास हे शब्द निर्माण करतात. सागरी धोरणाचा अभ्यास करणाराने कोणत्याही भाषेत प्रथम ओळखावयाची गोष्ट ही आहे.

१९७९ साली सी ग्रँट कार्यक्रमाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाची अधिछात्रवृत्ती सुरू केली. पुढे तिला जॉन नॉस यांचे नाव देण्यात आले. नॉस हे ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या सागरविज्ञान विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता, सी ग्रँटच्या संस्थापकांपैकी एक, आणि १९८९ ते १९९३ या काळात राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाचे प्रमुख होते. या योजनेखाली निवड झालेला विद्यार्थी वॉशिंग्टन येथे एखाद्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात, काँग्रेसच्या समितीत, किंवा कार्यकारी शासनाच्या एखाद्या विभागात वर्षभर काम करतो. आजवर दीड हजारांहून अधिक अधिछात्र या मार्गाने गेले आहेत. अर्थात ही केवळ विद्यावेतनाची योजना नव्हे. ज्या खोल्यांत कायद्याचे मसुदे आणि टिपणे तयार होतात, त्या खोल्यांचा दरवाजा ती उघडते. म्हणूनच तिच्या अर्जाची भाषा हा खाजगी विषय राहत नाही.

३

अर्जाची कागदपत्रे सामान्यतः अशी असतात : शैक्षणिक अभिलेख, संक्षिप्त परिचयपत्र, शिफारसपत्रे, आणि शिक्षण व व्यावसायिक उद्दिष्टे यांविषयीचे वैयक्तिक निवेदन. अर्ज प्रथम राज्याच्या सी ग्रँट कार्यक्रमाकडे जातो. तेथून निवडलेले अर्ज राष्ट्रीय पातळीवरील परीक्षकांपुढे येतात. आणि अंतिम निवड झालेल्यांना वॉशिंग्टनमधील निरनिराळ्या कार्यालयांच्या मुलाखती देऊन आपली जागा ठरवावी लागते. म्हणजे एकाच निवेदनाला तीन प्रकारचे वाचक लाभतात. पहिला वाचक विद्यार्थ्याच्या किनाऱ्याशी परिचित असतो. दुसरा त्याला शेकडो कोसांवरून पाहतो. तिसऱ्याला आपल्या कार्यालयात उपयोगी पडेल असा माणूस हवा असतो. तिघांना एकाच वेळी पटेल असे लिहिणे हे सोपे काम नव्हे.

या कागदांपैकी पहिले तीन पुरावे आहेत. अभिलेखात गुण असतात, परिचयपत्रात घटना असतात, शिफारसपत्रात दुसऱ्याची साक्ष असते. निवेदन तेवढे पुरावा नव्हे. ते भविष्यकाळाविषयीचे विधान आहे, आणि भविष्यकाळाविषयीच्या विधानाला सत्यासत्यतेची कसोटी लावता येत नाही. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी हे स्पष्ट केले आहे की, काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत, ती कृती करतात. वचन देणे ही अशी एक कृती होय. निवेदन हे वचनाच्या जातीचे आहे. परंतु वचनाला ते देणाराचा अधिकार लागतो, आणि अर्ज करणाराजवळ तो अधिकार अजून नसतो. तोच तर तो मागत असतो. या पेचातून सुटण्यासाठी निवेदन आत्मचरित्राचा आश्रय घेते. ‘मी पुढे असे करीन’ याला आधार म्हणून ‘मी पूर्वीपासून असाच आहे’ हे सांगितले जाते.

येथून निवेदनाची ठरीव कथा सुरू होते. मार्गदर्शनपर लेखनातून आणि प्रसिद्ध नमुन्यांतून तिच्या चार पायऱ्या सहज ओळखता येतात. पहिल्या पायरीवर बालपणीचा समुद्र येतो : ओहोटीच्या वेळी खडकातील डबक्यात दिसलेला जीव, आजोबांची होडी, सुट्टीतील वाळू. दुसऱ्या पायरीवर प्रयोगशाळा किंवा क्षेत्रकार्य येते. तिसऱ्या पायरीवर साक्षात्कार घडतो : केवळ शास्त्रीय माहिती पुरेशी नाही, ती निर्णय घेणारांपर्यंत पोचली पाहिजे, हे लेखकाला कळून येते. चौथ्या पायरीवर विज्ञान आणि धोरण यांच्यामध्ये ‘पूल’ होण्याची इच्छा व्यक्त होते. ही कथा धर्मांतराच्या कथेसारखी आहे. तिच्यातही पूर्वायुष्य, प्रसंग, प्रकाश आणि सेवा हाच क्रम असतो.

जॉन स्वेल्स या भाषावैज्ञानिकाने १९९० साली लेखनप्रकारांच्या विश्लेषणाची जी पद्धती मांडली, तिच्यात प्रकाराची ओळख त्याच्या हेतूवरून आणि त्या हेतूकडे नेणाऱ्या टप्प्यांवरून होते. पुढे १९९६ साली त्याने विद्यापीठातील काही प्रकारांना ‘आच्छादित’ म्हटले. म्हणजे जे सर्वांना लिहावे लागतात, परंतु ज्यांचे नमुने उघड्यावर येत नाहीत. वैयक्तिक निवेदन हा असाच प्रकार होय. नाकारलेली निवेदने कोणी पाहत नाही. स्वीकारलेल्यांपैकी थोडी हातोहात फिरतात. ज्याच्या विद्यापीठात पूर्वीचे अधिछात्र आहेत त्याला साचा आयता मिळतो; ज्याच्या विद्यापीठात ते नाहीत तो साचा नाही असे समजून लिहितो. साचा लपविल्याचा पहिला अन्याय तो हा.

४

आता भाषेकडे वळावे. निवेदनातील ठरीव वाक्यांचे व्याकरण पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : क्रियापदे मनाची आहेत, हातांची नाहीत. आवड असणे, ओढ वाटणे, जाणीव होणे, बांधिलकी मानणे, प्रेरणा मिळणे ही क्रियापदे एकामागून एक येतात. त्यांचा कर्ता सदैव ‘मी’ असतो. याउलट किनाऱ्यावरील माणसे वाक्यात येतात ती संबंधकारकात किंवा कर्माच्या जागी. नमुन्यादाखल असे वाक्य रचता येईल : ‘किनारी समाजांच्या प्रश्नांवर संबंधितांच्या सहभागाने उपाय शोधण्याची मला तळमळ आहे.’ या वाक्यात उपाय कोणी शोधावयाचा, संबंधित म्हणजे कोण, प्रश्न कोणाचा कोणाशी आहे, यांपैकी काहीच सांगितलेले नाही. सहभागाला कर्ता नाही, उपायाला काळ नाही, समाजाला नाव नाही. फक्त तळमळ तेवढी निश्चित आहे.

यावर असे म्हणता येईल की, हा दोष तरुण लेखकांचा आहे आणि वयाबरोबर तो जाईल. हे पूर्णांशाने खरे नाही. आवाहनच जर ‘सागरी व किनारी साधनसंपत्तीविषयी आणि तिच्यावर परिणाम करणाऱ्या राष्ट्रीय धोरणाविषयी आस्था’ असलेल्या विद्यार्थ्यांना उद्देशून असेल, तर आस्था सिद्ध करण्याकडेच लेखणी वळणार. आणि आस्था ही अशी वस्तू आहे की, ती सांगितल्याने सिद्ध होत नाही आणि सांगितल्यावाचून निवेदनात दिसत नाही. म्हणून विशेषणांची चढाओढ सुरू होते. एकाने ‘आवड’ लिहिले तर दुसरा ‘तीव्र आवड’ लिहितो. शब्दांचे मोल अशा रीतीने घसरत जाते.

या प्रकारात अधिक गंभीर नुकसान होते ते निराळ्याच विद्यार्थ्याचे. ज्याच्या घरी समुद्र हा साक्षात्काराचा नव्हे तर मजुरीचा विषय होता, त्याला या कथेत जागा नाही. मेनच्या आखातात कॉडच्या मागे जाणाऱ्या किंवा लुइझियानाच्या दलदलीत कोळंबी धरणाऱ्या घरातील मुलाला समुद्राची ‘आवड’ लागण्याचा एखादा दिवस दाखविता येणार नाही. तो दिवस त्याच्या आयुष्यात आलेलाच नसतो. त्याला डिझेलचा भाव, जाळ्याच्या आसाचे माप आणि बंदीचे महिने ठाऊक असतात. हे ज्ञान धोरणाच्या दृष्टीने अमोल आहे. परंतु निवेदनाचा साचा त्याला सांगतो की, प्रथम या ज्ञानाची गोष्ट कर, तिच्यात एक वळण घाल, आणि शेवटी तू या धंद्यातून वर आलास असे दाखव. म्हणजे ज्या अनुभवामुळे तो पात्र ठरावा, त्या अनुभवापासून दूर झाल्याचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच द्यावयाचे.

५

धोरण म्हणजे काय, याचा विचार केल्यावाचून या दोषाचे खरे माप कळणार नाही. सागरी धोरणाच्या इतिहासातील दोन प्रसंग येथे पुरेसे आहेत. दोन्ही प्रसंगांत सारा भार एका शब्दावर होता.

१९७६ साली अमेरिकेने मत्स्यसंपत्तीच्या रक्षणाचा आणि व्यवस्थापनाचा कायदा करून किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला अधिकार प्रस्थापित केला. मासेमारीची मर्यादा ठरविण्यासाठी या कायद्याने ‘इष्टतम उत्पन्न’ ही संज्ञा योजिली. तिची व्याख्या अशी होती की, दीर्घकाळ टिकेल असे जे महत्तम उत्पन्न, त्यात आर्थिक, सामाजिक वा परिस्थितिवैज्ञानिक कारणांनी फेरफार करून जे येईल ते इष्टतम. ‘फेरफार करून’ या धातुसाधितात दिशा नाही. फेरफार खाली होऊ शकतो, तसा वरही होऊ शकतो. बंदरातील रोजगार हे सामाजिक कारण होते, कर्जाने घेतलेल्या बोटी हे आर्थिक कारण होते. तेव्हा टिकाऊ मर्यादेच्या वर मासेमारी करण्यासही हा शब्द वाट देत होता. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील कॉडचा ऱ्हास अनेक कारणांनी झाला, आणि तो सर्वस्वी या शब्दाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तथापि डिसेंबर १९९४ मध्ये जॉर्जेस बँकचे विस्तृत भाग मासेमारीस बंद करण्याची पाळी आली, तेव्हा कायद्यात हाच शब्द उभा होता. १९९६ च्या दुरुस्तीने काँग्रेसने ‘फेरफार करून’ हे शब्द काढले आणि ‘घट करून’ हे शब्द घातले. शब्द एकच बदलला. त्यानंतर सामाजिक आणि आर्थिक कारणांनी मर्यादा खाली आणता येई, वर नेता येत नसे.

दुसरा प्रसंग किनारपट्टीचा आहे. १९७२ च्या किनारक्षेत्र व्यवस्थापन कायद्याप्रमाणे केंद्र शासनाच्या ज्या कृतींचा किनारक्षेत्रावर ‘प्रत्यक्ष’ परिणाम होतो, त्या कृती शक्य तितक्या प्रमाणात राज्याच्या मान्य कार्यक्रमाशी सुसंगत असल्या पाहिजेत, असे बंधन होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर तेलासाठी समुद्रतळाचे भाडेपट्टे विकावयाचे ठरले, तेव्हा ही विक्री किनाऱ्यावर प्रत्यक्ष परिणाम करते की नाही, असा वाद उभा राहिला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, ती तसा परिणाम करीत नाही. विक्री म्हणजे खोदकाम नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. १९९० साली काँग्रेसने कायदा दुरुस्त केला. ‘प्रत्यक्ष’ हे क्रियाविशेषण गळाले, आणि कृती किनारक्षेत्राच्या आत असो वा बाहेर, तिचा तेथील जमिनीवर, पाण्यावर वा नैसर्गिक संपत्तीवर परिणाम होत असेल तर तिला हे बंधन लागू झाले.

हे दोन्ही शब्द कोणाच्या तरी मेजावर लिहिले गेले आणि कोणाच्या तरी मेजावर खोडले गेले. अधिछात्र ज्या कार्यालयांत वर्षभर बसतो, ती कार्यालये अशा मेजांचीच आहेत. तेथे त्याच्याकडून अपेक्षा असते ती ‘फेरफार’ आणि ‘घट’ यांतील अंतर ओळखण्याची. एखाद्या क्रियाविशेषणामागे किती मैल किनारा उभा आहे हे पाहण्याची. परंतु तेथे पोचण्यासाठी त्याला जे लेखन करावयास लावले जाते, त्यात नेमकी उलट सवय जोपासली जाते. कर्ता झाकणे, काळ टाळणे, क्रियापद मनाचे वापरणे, आणि सर्वांना मान्य होईल असे नाम योजणे, ही ती सवय होय. निवेदनातील धूसर भाषा आणि कायद्यातील धूसर भाषा यांच्यामध्ये वाटते तितके अंतर नाही. ज्या हाताला पहिलीची सवय झाली, तो दुसरीकडे सहज वळतो.

६

या टीकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परीक्षकांना शेकडो अर्जांत तुलना करावयाची असते. समान साच्यावाचून तुलना अशक्य आहे. हा आक्षेप योग्य आहे. परंतु त्याने साच्याचे समर्थन होते, साचा लपविण्याचे होत नाही. तुलनेसाठी साचा हवाच असेल तर तो जुन्या विज्ञापनेप्रमाणे उघड असावा. प्रत्येक अर्जदाराने सागरी वा किनारी धोरणातील कोणताही एक निर्णय घ्यावा, त्यातील कळीचा शब्द सांगावा, तो शब्द बदलल्यास कोणावर काय परिणाम होईल हे थोडक्या शब्दांत विशद करावे, अशी मागणी केल्यास तुलना अधिक सोपी होईल. शिवाय होडीवर वाढलेला विद्यार्थी आणि ग्रंथालयात वाढलेला विद्यार्थी यांना तेथे समान भूमी मिळेल.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. सार्वजनिक कामाला चारित्र्य लागते, आणि चारित्र्य कळण्यासाठी माणसाने स्वतःविषयी बोलले पाहिजे, असा तो आक्षेप. यातील पहिला भाग निर्विवाद आहे. दुसरा भाग मात्र तपासून घ्यावा लागेल. माणूस स्वतःविषयी काय म्हणतो यावरून चारित्र्य कळते, यापेक्षा तो दुसऱ्याविषयी कसे लिहितो यावरून ते अधिक कळते. ज्या निवेदनात कोळ्याला कर्तेपद मिळाले आहे, ज्यात विरोधी पक्षाची बाजू त्याला स्वतःला ओळखू येईल अशा शब्दांत मांडली आहे, त्या निवेदनाच्या लेखकाविषयी परीक्षकाला पुष्कळ समजते. मग त्यात ‘मी’ एकदाही न येवो.

या ठिकाणी मराठी विद्यार्थ्याच्या एका अडचणीचा निर्देश अप्रस्तुत होणार नाही. महाराष्ट्रातून आणि गोव्यातून अमेरिकन विद्यापीठांत जाणारे विद्यार्थी या ना त्या अधिछात्रवृत्तीसाठी अशी निवेदने इंग्रजीत लिहितात, आणि ती फिकी उतरतात अशी तक्रार ऐकू येते. ही फिकेपणाची तक्रार इंग्रजीच्या कच्चेपणाला लावली जाते. परंतु तिचे एक मूळ व्याकरणात आहे. मराठीत ‘मला समुद्राची आवड आहे’ असे म्हणतात. आवड हा येथे कर्ता आहे; अनुभवणारा चतुर्थीत आहे. आवड माणसाला असते, वाटते, लागते. तो ती करीत नाही. इंग्रजी निवेदनाला मात्र प्रथमेतील ‘मी’ हवा असतो, जो आपल्या भावनेचा धनी आहे आणि ती हाती धरून दाखवितो. त्यात आत्मस्तुतीविषयीच्या संकोचाची भर पडते. दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना आत्मस्तुतीची गणना त्यांत केलेली आहे, आणि हा संस्कार अजून पुसला गेलेला नाही. या विद्यार्थ्याला ‘अधिक ठासून लिही’ असा उपदेश केला जातो. तो उपदेश चुकीचा आहे. त्याच्या भाषेने त्याला एक चांगली सवय दिली आहे : भावनेपेक्षा वस्तूला कर्तेपद देण्याची. ती सवय त्याने टाकून देऊ नये. ती धोरणाच्या विषयाकडे वळवावी.

आणि वस्तूंची त्याच्याजवळ वाण नाही. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतील भेद, खाजण, खारभूमी, पुळण, रापण, डोल हे शब्द केवळ प्रादेशिक अलंकार नव्हेत. ती किनाऱ्याची सूक्ष्म परिभाषा आहे. भारतातील किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रथम १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. २०११ आणि २०१९ साली तिची नवी रूपे आली. या सर्वांचा पाया ‘भरतीरेषा’ हा आहे. भरतीरेषेपासून किती मीटरपर्यंत बांधकाम नको, यावर सारा व्यवहार चालतो. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे लोकवस्तीच्या घनतेप्रमाणे दोन भाग केले, आणि दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून दाट वस्तीच्या भागात विकासबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आला. नकाशावर भरतीची रेषा एक असते. किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या बोलण्यात भरती एक नसते. हे अंतर ज्याला भाषेतून कळते, त्या विद्यार्थ्याजवळ निवेदनासाठी विषय आहे. त्याला समुद्रावरील प्रेम वेगळे सांगावे लागणार नाही.

७

सारांश, सागरी धोरणविषयक अधिछात्रवृत्तीच्या निवेदनात जो दोष दिसतो, तो केवळ शैलीचा नाही. साचा लपविल्यामुळे अनुभवी संस्थांच्या विद्यार्थ्यांना अनुकूलता मिळते. आस्था हे माप ठरविल्यामुळे मनाच्या क्रियापदांची गर्दी होते. आणि कथा मागितल्यामुळे ज्यांच्या आयुष्यात समुद्र हे काम होते ते मागे पडतात. या तिन्हींचा निकाल पुढे कायद्याच्या भाषेत लागतो, कारण अर्जातून निवडलेला लेखकच उद्या मसुद्यावर बसतो.

‘धोरण’ हा मराठी शब्द या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. सरकारी परिभाषेत तो निर्णयांच्या संग्रहाचे नाव झाला असला, तरी ‘बोलण्याचे धोरण’ असे आपण अजून म्हणतो, आणि तेथे त्याचा अर्थ बोलण्याचा रोख असा असतो. निवेदनाचे परीक्षण करणारांनी हा जुना अर्थ ध्यानी ठेवावा. अर्जदाराला धोरणाविषयी किती आस्था आहे, हे विचारण्याऐवजी त्याच्या बोलण्याचे धोरण काय आहे, म्हणजे त्याच्या वाक्यांचा रोख स्वतःकडे आहे की किनाऱ्याकडे, हे पाहिले तर निवड अधिक अचूक होईल. आणि अर्जदारानेही लिहून झाल्यावर एक साधी तपासणी करावी : आपल्या निवेदनातील क्रियापदांखाली रेघ ओढावी, आणि त्यांपैकी किती क्रियापदे समुद्रावर प्रत्यक्ष घडतात ते मोजावे.